मृगाआधीची मशागत

वैशाखाच्या उन्हाने काळी जमीन भेगाळलेली असते, आभाळात ढगाचा मागमूस नसतो, आणि तरीही परभणी जिल्ह्यातील जाणता शेतकरी त्या दिवसांत स्वस्थ बसत नाही. नांगरट उन्हात तापू द्यावी, वखराच्या पाळ्या घालाव्यात, धसकटे वेचावीत, आणि घरचेच सोयाबीन बियाण्याला वापरायचे असेल तर त्यातले शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवावेत व आठवड्याने त्यांतले किती उगवले ते पुन्हा मोजून पाहावे, ही शिस्त त्याच्या अंगवळणी पडलेली असते. सत्तर किंवा त्याहून अधिक दाणे उगवले तर बियाणे पेरणीला योग्य, त्याहून कमी उगवले तर बियाण्याचे प्रमाण वाढवावे, हा हिशेब ज्या जिल्ह्यात १९७२ साली कृषी विद्यापीठ उभे राहिले तेथे गावोगाव पोहोचला आहे. पाऊस पडल्यावर मशागतीला धावणाऱ्याचा हंगाम हातचा जातो, हे येथे कोणी कोणाला समजावून सांगावे लागत नाही.

परंतु ह्याच पावसाबरोबर, म्हणजे साधारण जुलैपासून सप्टेंबरपर्यंत, आपल्या भागात फ्लूची साथही जोर धरते, आणि थंडीच्या उत्तरार्धात, जानेवारी ते मार्चच्या दरम्यान, तिची दुसरी व बहुधा लहान लाट येते, ही गोष्ट मात्र आपल्यापैकी फार थोड्यांच्या हिशेबात असते. युरोप-अमेरिकेत हा थंडीचा आजार गणला जातो. महाराष्ट्रात त्याचा मुख्य हंगाम पावसाळ्याचाच आहे. ज्या संकटाची वेळ ठाऊक आहे त्याची तयारी वेळेआधी करता येते. आणि पाळण्यातले किंवा अंगणवाडीतले लेकरू ही तयारी स्वतः करू शकत नसल्यामुळे ती सर्वस्वी भोवतालच्या मोठ्या माणसांवर येऊन पडते. ती कशी करावी, केव्हा करावी आणि तिच्यात हयगय कोठे होते, हे सांगण्यासाठी हा लेख लिहिला आहे.

सर्दी निराळी, फ्लू निराळा

पडसे हळूहळू येते. आधी नाक गळते, मग घसा खवखवतो, एखाद-दुसऱ्या दिवशी बारीक कणकण वाटते आणि लेकरू त्यातही खेळत राहते. फ्लूची रीत ह्याहून अगदी वेगळी आहे. सकाळी दप्तर पाठीला लावून धावत शाळेत गेलेले मूल दुपारची खिचडी न खाताच पान बाजूला सारते, शाळा सुटेपर्यंत त्याचे अंग तव्यासारखे तापते, हुडहुडी भरते, डोके ठणकते, हातपाय मोडून येतात, कोरडा खोकला सुरू होतो आणि घरी आल्याबरोबर ते न बोलता आईच्या मांडीवर मान टाकते. लहान मुलांत उलट्या किंवा जुलाबही होतात, त्यामुळे पुष्कळदा घरच्यांना वाटते की बाधले असावे. ताप बहुधा तीन ते पाच दिवसांत उतरतो, खोकला व थकवा मात्र दोन-दोन आठवडे रेंगाळतो.

ह्या रोगाचे विषाणू मुख्यतः 'ए' व 'बी' अशा दोन जातींचे असून ते आपले बाह्य रूप वर्षागणिक थोडे थोडे बदलीत असतात. म्हणूनच एकदा फ्लू झाला म्हणजे जन्मभराची सुटका झाली असे होत नाही आणि म्हणूनच त्याची लसही दरवर्षी नव्याने घ्यावी लागते. विषाणू शरीरात शिरल्यापासून एक ते चार दिवसांत लक्षणे दिसतात. परंतु लक्षणे दिसण्याच्या एक दिवस आधीपासूनच रोगी दुसऱ्याला रोग देऊ लागतो आणि पुढे पाच-सात दिवस, लहान मुलांच्या बाबतीत त्याहूनही अधिक काळ, देत राहतो. साथ एवढ्या वेगाने का पसरते ह्याचे मर्म ह्या एका दिवसाच्या अंतरात आहे.

एक खबरदारीही येथेच सांगून ठेवतो. पावसाळ्यातला प्रत्येक ताप हा फ्लू नसतो. डेंग्यू, हिवताप व विषमज्वर ह्यांचाही तोच हंगाम आहे. खोकला किंवा घशाची तक्रार नसताना नुसता चढा ताप असेल, अंगावर पुरळ उठले असेल, डोळ्यांमागे किंवा पोटात फार दुखत असेल, तर फ्लूच असेल अशा समजुतीने घरी न थांबता रक्ततपासणीसाठी दवाखाना गाठावा.

मानमोडीची आठवण

आपल्या मुलखाला हा रोग अनोळखी नाही. शंभर वर्षांपूर्वी मराठी माणसांनी त्याला 'मानमोडी' असे नाव दिले होते, आणि ज्याने तापाच्या भरात मान सावरता न येणारा रोगी पाहिला आहे त्याला ह्या नावाचे यथार्थत्व पटल्यावाचून राहणार नाही. १९१८ च्या जून महिन्यात, पहिले महायुद्ध संपत आले असता, ही साथ जहाजांतून मुंबई बंदरात उतरली. त्या वेळी ती सौम्य वाटली, परंतु सप्टेंबरात ती दुसऱ्या व फार भयंकर रूपाने उसळली आणि ६ ऑक्टोबर १९१८ ह्या एकाच दिवशी मुंबई शहराच्या दप्तरी ७६८ मृत्यूंची नोंद झाली. परभणी त्या काळी निजामाच्या अंमलाखाली होते आणि मनमाडहून सेलू, मानवत रोड, परभणी, पूर्णा असा हैदराबादच्या दिशेने जाणारा लोहमार्ग सुरू होऊन वीसेक वर्षेच लोटली होती; अशाच लोहमार्गांनी ही साथ बंदरांपासून देशाच्या अंतर्भागात पोहोचली. त्या वर्षी पावसानेही दगा दिला होता, धान्य महागले होते, आणि उपाशी शरीरांवर पडलेल्या ह्या घाल्यात हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे मेली. वीस ते चाळीस वर्षांची कर्ती माणसे त्यात फार गेली आणि मागे पोरकी मुले राहिली.

त्या काळी ह्या रोगाचे कारण कोणालाही ठाऊक नव्हते. विषाणू पुढे १९३३ साली सापडला. आज आपल्या हाती लस आहे, औषध आहे, तपासणी आहे, पुण्यात राष्ट्रीय विषाणू संस्था आहे. तरीही २००९ साली नव्या 'एच-वन-एन-वन' विषाणूची साथ आली तेव्हा ३ ऑगस्ट रोजी पुण्यातच एक चौदा वर्षांची शाळकरी मुलगी दगावली आणि तो त्या साथीतला देशातील पहिला मृत्यू ठरला. लोकांनी ज्याची स्वाइन फ्लू म्हणून धास्ती घेतली तो विषाणू त्यानंतर कोठे निघून गेलेला नाही. तो आता दरवर्षीच्या हंगामी फ्लूचाच एक भाग होऊन आपल्यांत वावरतो. भीती ओसरली आणि तिच्याबरोबर खबरदारीही ओसरली, हे मात्र बरे झाले नाही.

लशीचे वेळापत्रक

फ्लूची लस सहा महिने पूर्ण झालेल्या मुलापासून पुढे कोणालाही देता येते. भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या सर्व बालकांना ती दरवर्षी देण्याची शिफारस करते. नऊ वर्षांखालील मूल ही लस आयुष्यात पहिल्यांदाच घेत असेल तर त्याला चार आठवड्यांच्या अंतराने दोन मात्रा द्याव्या लागतात. पुढच्या वर्षांपासून एकच मात्रा पुरते. लस टोचल्यावर शरीरात प्रतिकारशक्ती तयार होण्यास सुमारे दोन आठवडे लागतात.

आता हा हिशेब पंचांगाशी जुळवून पाहा. अक्षय्य तृतीया एप्रिलच्या अखेरीस किंवा मेच्या पूर्वार्धात येते. त्या सुमारास पहिली मात्रा दिली तर चार आठवड्यांनी, म्हणजे मृगाच्या आगेमागे, दुसरी मात्रा होते, आणि त्यापुढचे दोन आठवडे धरले तर जून महिना सरण्यापूर्वी लेकराच्या अंगी जेवढे संरक्षण यावयाचे तेवढे आलेले असते. शाळा नुकत्याच उघडलेल्या असतात आणि साथीचा जोर अजून चढावयाचा असतो. ज्यांनी श्रावणात भोवताली माणसे आजारी पडू लागल्यावर लशीची चौकशी सुरू केली, त्यांचे लेकरू ऐन साथीच्या दिवसांत अर्धवट संरक्षणाने वावरते. तरीही उशीर झाला म्हणून लस टाळू नये. दुबार पेरणीचेही पीक हाती लागतेच, आणि थंडीअखेरची लाट तर अजून पुढे असते.

विषाणूच्या बदलत्या रूपांचा मागोवा घेऊन जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत व सप्टेंबरात, लशीत कोणते घटक असावेत हे ठरविते. म्हणून लस घेताना डॉक्टरांना 'ही ह्या हंगामाचीच आहे ना?' असे विचारावे आणि खोक्यावरील वर्ष स्वतः वाचावे. असे विचारण्यात त्यांच्यावर अविश्वास दाखविल्यासारखे काही होत नाही. सुईच्या जागी दुखणे व एखादा दिवस बारीक कणकण येणे ह्यापलीकडे बहुधा त्रास होत नाही. टोचण्याच्या लशीत जिवंत विषाणू नसल्यामुळे तिच्यापासून फ्लू होण्याचा संभव नाही. ह्यापूर्वी ह्याच लशीने अंगावर तीव्र प्रतिक्रिया उठली असेल त्याने मात्र ती घेऊ नये, आणि ज्याला आज ताप आहे त्याने तो उतरेपर्यंत थांबावे.

लस म्हणजे अभेद्य कवच आहे असे सांगून मी कोणाची फसवणूक करणार नाही. ज्या वर्षी लशीतील घटक आणि साथीचा विषाणू ह्यांचा मेळ चांगला बसतो त्या वर्षी दवाखान्यात जावे लागेल अशा आजाराची शक्यता साधारण ४० ते ६० टक्क्यांनी घटते. आणि लस घेऊनही ज्यांना फ्लू होतो त्यांच्यात तो गंभीर वळण घेण्याचे प्रमाण कमी राहते. ज्याच्या घरी दोन वर्षांचे मूल आहे त्याच्या दृष्टीने हा लाभ लहान नाही.

ही लस अद्याप राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात नसल्यामुळे बालकांसाठी ती खाजगी दवाखान्यात विकत घ्यावी लागते आणि तिचा खर्च सामान्य कुटुंबाला जाणवतो. परंतु गरोदर स्त्रिया, मधुमेह किंवा रक्तदाबाचे रुग्ण आणि आरोग्य कर्मचारी ह्यांच्यासाठी ती सरकारी रुग्णालयांतून विनामूल्य देण्याची तजवीज महाराष्ट्र शासनाने २०१५ पासून केली आहे. साठा आला आहे काय, हे गावच्या आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात वैशाखातच विचारून ठेवावे. सहा महिन्यांखालील अर्भकाला ही लस देताच येत नाही, आणि फ्लूने गंभीर होण्याचा धोका तर त्यालाच फार. त्याच्या रक्षणाचा एकच राजमार्ग आहे: आईने गरोदरपणी लस घेणे. तिच्या रक्तातील संरक्षक द्रव्ये गर्भात बाळाला मिळतात आणि जन्मानंतरचे पहिले काही महिने त्याच्या उपयोगी पडतात. तेव्हा पैशाची ओढाताण असेल त्या घराने क्रम असा लावावा: प्रथम गरोदर सून किंवा लेक, मग पाच वर्षांखालचे मूल व दम्याचा किंवा हृदयाचा विकार असलेले मूल, मग मधुमेह असलेले आजी-आजोबा, आणि त्यानंतर बाकीचे.

घराची शिस्त

फ्लू दोन वाटांनी लेकरापर्यंत येतो. खोकताना-शिंकताना उडालेले तुषार हाताच्या अंतरावरच्या माणसाच्या नाकातोंडात जातात, ही पहिली. आणि ते तुषार ज्या वस्तूंवर पडले त्यांना लागलेला हात नाका-डोळ्यांना लागतो, ही दुसरी. कठीण व गुळगुळीत पृष्ठभागावर हा विषाणू एक-दोन दिवस तग धरू शकतो.

खेड्यातल्या शाळेतील किंवा घरातील पाण्याचा माठ घटकाभर न्याहाळावा. ज्याला तहान लागली तो येतो, नाक पुसलेल्या हाताने पेला माठात बुडवितो, तोंड लावून पितो आणि तोच पेला झाकणावर पालथा घालून जातो. त्यामागून दुसरा येतो. लांब दांड्याचे ओगराळे माठापाशी टांगून ठेवले, पाणी त्यानेच काढण्याचा दंडक घातला आणि प्रत्येक मुलाने पाण्याची बाटली आपली आपण आणली, तर फारसा खर्च न होता रोगाची एक वाट बंद होते; जुलाब आणि काविळीच्या बाबतीतही ह्याच दंडकाचा फायदा होतो. बाहेरून आल्यावर, जेवणापूर्वी, नाक शिंकरल्यावर आणि बाळाला उचलून घेण्यापूर्वी साबणाने निदान वीस सेकंद, बोटांच्या बेचक्यांतून व नखांपाशी, हात चोळून धुवावेत. नुसत्या पाण्याखाली बोटे ओली करण्याला हात धुणे म्हणत नाहीत.

खोकला आला की तळहात तोंडावर धरण्याची आपली सवय सभ्य दिसते, पण तोच हात पुढच्या क्षणी लेकराच्या गालावरून फिरतो. खोकावे ते कोपराच्या आतल्या बाजूत किंवा रुमालात. आईच्या पदराने बाळाचे तोंड पुसले जाते, म्हणून आजारी आईने त्याच पदरात शिंकू नये. ज्याला खोकला-ताप आहे त्याने घरात तोंडाला मुसके बांधावे, निराळ्या जागी किंवा लेकरांपासून दोन हातांच्या अंतरावर निजावे आणि आपली भांडी वेगळी ठेवावीत. ज्या घरात एकच खोली आहे तेथे रोग्याचे अंथरूण खिडकीपाशी घालावे, वारा आतून बाहेर जाईल असे पाहावे आणि मुलांना दुसऱ्या भिंतीकडे निजवावे. पावसाची झड आत येते म्हणून दिवसभर दारेखिडक्या लावून घेतल्याने घरातली हवा कोंडते आणि तिच्याबरोबर रोगही कोंडला जातो.

बारशाला जमलेल्या प्रत्येकीने बाळ मांडीवर घ्यावे, त्याचा मुका घ्यावा, ही आपल्याकडील मायेची रीत आहे. ज्या मावशीला किंवा आत्याला पडसे झाले आहे तिने त्या दिवशी बाळाला लांबूनच पाहावे आणि घरच्या वडीलधाऱ्या स्त्रीने तिला तसे सांगण्याचा संकोच करू नये. 'आत्याबाई, तुम्हांला खोकला आहे, बाळाला पुढच्या खेपेला घ्या' एवढे शब्द पुरे आहेत. बाळंतिणीच्या खोलीत ओवा, शेपा, वावडिंग निखाऱ्यावर टाकून बाळाला धुरी देण्याची आणि त्याच्या नाकात तेल सोडण्याची चाल अजून टिकून आहे. त्यामागचा हेतू बाळाला ऊब मिळावी हाच असतो. परंतु कोंदट खोलीतला धूर कोवळ्या फुप्फुसांना इजा करतो आणि नाकातले तेल श्वासाबरोबर आत उतरल्यास त्यापासूनच न्यूमोनिया होऊ शकतो. ऊब कपड्याने व आईच्या अंगाने द्यावी.

गर्दीचे आपले दिवसही ह्या रोगाच्या हंगामांशी नेमके जुळतात. आषाढी वारीसाठी शेगावहून निघालेली गजानन महाराजांची पालखी पावसाच्या तोंडाशी परभणी, गंगाखेड ह्या मार्गाने पंढरपुराकडे जाते, आणि थंडीअखेरच्या लाटेच्या दिवसांत, फेब्रुवारीत, परभणीस हजरत तुराबुल हक ह्यांचा उरूस भरतो. ह्या मेळ्यांना कोणी जाऊ नये असे मी म्हणणार नाही. अंगात ताप असलेल्याने त्या वर्षी घरूनच हात जोडावेत आणि वर्षाच्या आतले मूल गर्दीत नेऊ नये, एवढीच विनंती आहे. दिवाळीच्या सुमारास गंगाखेड, सोनपेठ, पालम ह्यांसारख्या तालुक्यांतून जी कुटुंबे ऊसतोडीला जातात, त्यांची लेकरे सबंध थंडी फडाच्या कडेच्या कोपीत काढतात; अशा आईबापांनी निघताना बाळाचे लसीकरण कार्ड बरोबर घ्यावे, कोपीतली चूल तोंडाशी किंवा बाहेर मांडावी आणि कारखान्यापासून जवळचे आरोग्य केंद्र कोणते, हे पोहोचल्या दिवशीच विचारून ठेवावे.

शाळेविषयी एक नियम घराघरांत पाळला जावा. औषध न देता ताप उतरून पूर्ण २४ तास झाल्याखेरीज मुलाला शाळेत किंवा अंगणवाडीत पाठवू नये. सकाळी गोळी देऊन ताप दाबावयाचा आणि मजुरी बुडू नये म्हणून मूल वर्गात बसवावयाचे, ह्यामागची अडचण मला कळते. पण त्या एका मुलापासून आठवड्याभरात निम्मा वर्ग आजारी पडतो आणि मग कित्येक घरांची मजुरी बुडते. मुख्याध्यापकांनीही आजारपणातील गैरहजेरीबद्दल मुलांना रागे भरू नये.

ताप चढल्यावर

धडधाकट मुलाचा साधा फ्लू विश्रांती, पाणी आणि पहारा ह्यांनीच बरा होतो. ताप चढला की आपल्याकडे प्रथम वाकळ किंवा गोधडी अंगावर येते, कानटोपी चढते, दारे लागतात. हुडहुडी भरली असेल तोवर पांघरूण असावे. अंग तापल्यावर मात्र ते काढून सैल सुती कपडा ठेवावा, म्हणजे उष्णता बाहेर पडते. अंगावर पिणाऱ्या बाळाचे दूध कधीही तोडू नये. आईला स्वतःला फ्लू झाला असेल तरी तिने हात धुऊन, नाकातोंडावर मुसके बांधून, पाजावे, कारण रोगाशी झुंजणारी द्रव्ये त्या दुधातून बाळाला मिळत असतात. मोठ्या मुलाला भाताची पेज, वरणाचे पाणी, ज्वारीची आंबील, उलट्या-जुलाब असल्यास क्षारसंजीवनी, असे घोटघोट वरचेवर द्यावे. लघवी सहा-आठ तास झाली नाही तर पाणी कमी पडते आहे असे समजावे.

तापाला औषध एकच, पॅरासिटामॉल. आणि त्याचे प्रमाण वयावर नसून वजनावर ठरते. दर किलो वजनाला एका वेळी १० ते १५ मिलिग्रॅम, दोन मात्रांत निदान चार ते सहा तासांचे अंतर, आणि २४ तासांत चारांहून अधिक मात्रा नाहीत. येथे एक धोका दडलेला आहे. ह्या औषधाच्या बाटल्या निरनिराळ्या ताकदीच्या मिळतात. एकीत ५ मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम तर दुसरीत तेवढ्यातच २५० मिलिग्रॅम औषध असते. दहा किलोच्या मुलाला पहिल्या बाटलीतले ५ मिलिलिटर योग्य ठरते, पण तेच माप दुसऱ्या बाटलीतून दिले तर औषध दुप्पट जाते. म्हणून शेजारणीने सांगितलेल्या 'एक झाकणा'वर विसंबू नये. बाटलीवरचा आकडा वाचावा किंवा वाचून घ्यावा. तीन महिन्यांखालील बाळाला ताप आला तर घरी कोणतेही औषध न देता तडक दवाखान्यात न्यावे.

जे देऊ नये तेही तितकेच स्पष्ट सांगितले पाहिजे. फ्लूच्या तापात मुलांना अ‍ॅस्पिरिन देऊ नये, त्याने मेंदू व यकृत ह्यांना घातक असा विकार जडू शकतो. निमेसुलाइडला बारा वर्षांखालील मुलांसाठी आपल्या देशात बंदी आहे. प्रतिजैविके विषाणूवर काम करीत नाहीत. 'सुई मारा म्हणजे लवकर उतरेल' असा आग्रह डॉक्टरांकडे धरू नये. सुई आणि सलाइन ह्यांनी फ्लू लवकर बरा होत नाही. खोकल्याच्या बाटल्यांविषयी तर विशेष ताकीद आहे. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात विषारी द्रव्य मिसळलेल्या खोकल्याच्या औषधाने वीसहून अधिक बालकांची मूत्रपिंडे निकामी होऊन ती दगावली. त्यांतली कित्येक उपचारांसाठी आपल्या नागपुरास आणली गेली होती. दोन वर्षांखालील मुलाला सर्दी-खोकल्याचे औषध देऊच नये आणि पाच वर्षांपर्यंतही ते सहसा देऊ नये, असा केंद्रीय आरोग्य खात्याचा स्पष्ट सल्ला आहे. एक वर्ष पूर्ण झालेल्या मुलाला रात्री अर्धा चमचा मध दिल्यास खोकल्याला चांगला आराम पडतो. वर्षाखालील बाळाला मात्र मध चाटवू नये, त्यातून त्याला गंभीर विषबाधा होण्याचा धोका असतो.

एका मिनिटाचा हिशेब

फ्लूतून दगावणारी बालके बहुधा न्यूमोनियाने दगावतात, आणि न्यूमोनियाची पहिली वर्दी श्वासाकडून मिळते. ती ओळखण्यासाठी शिक्षण लागत नाही. लेकरू रडत नसताना, शक्य तर निजलेले असताना, त्याला मांडीवर घ्यावे, अंगातले झबले छातीपर्यंत वर करावे, मोबाइलमधले घड्याळ समोर ठेवावे आणि पोट एकदा वर येऊन खाली गेले की एक, असे सबंध एक मिनिट मोजावे. अर्धे मिनिट मोजून दुप्पट करू नये, कारण लहान बाळाचा श्वास एकसारखा चालत नाही. दोन महिन्यांखालील बाळात मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक, आणि एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक श्वास भरले, तर तो जलद श्वास समजावा आणि त्याच दिवशी, रात्र असली तरी, दवाखाना गाठावा.

'पोट उडते आहे' असे आपल्याकडच्या आज्या म्हणतात ते हेच. श्वास आत घेताना छातीचा खालचा भाग आत खेचला जात असेल, ओठ किंवा नखे निळसर दिसत असतील, मूल पिणे-खाणे सोडून देत असेल, उठवूनही डोळे नीट उघडत नसेल, झटके आले असतील, थुंकीतून रक्त पडत असेल, किंवा आधी उतरलेला ताप दोन दिवसांनी पुन्हा चढून खोकला वाढला असेल, तर क्षणाचाही विलंब न लावता १०८ वर फोन करून रुग्णवाहिका मागवावी. 'आजची रात्र पाहू, सकाळी नेऊ' ह्या वाक्याने पुष्कळ घरांची दैना केली आहे.

सरकारी नियमाप्रमाणे फ्लूच्या रोग्यांचे तीन वर्ग केले जातात. सौम्य ताप-खोकल्याच्या 'अ' वर्गाला घरीच ठेवतात व त्याची तपासणीही करीत नाहीत. ज्यांचा ताप तीव्र आहे, किंवा जे पाच वर्षांखालील मूल, गरोदर स्त्री, वृद्ध, अथवा दमा, मधुमेह, हृदयविकार ह्यांनी पीडित आहेत, त्या 'ब' वर्गाला डॉक्टर ऑसेल्टामिविर हे औषध देतात. धोक्याची लक्षणे दिसणाऱ्या 'क' वर्गाला रुग्णालयात ठेवून तपासणी व उपचार करतात. ऑसेल्टामिविर लक्षणे दिसू लागल्यापासून ४८ तासांच्या आत सुरू झाले तर त्याचा गुण अधिक येतो, म्हणून 'ब' वर्गात मोडणाऱ्या मुलाच्या आईबापांनी तिसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. आणि ते डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून दुकानातून परस्पर घेऊही नये. गावापासून प्राथमिक आरोग्य केंद्र, तेथून तालुक्याचे रुग्णालय आणि अखेरीस परभणीचे जिल्हा रुग्णालय, ही वाट प्रत्येक घराने निरोगी दिवसांत ठरवून ठेवावी. परभणीस २०२३ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले आहे.

ज्या हातांनी वैशाखात शंभर दाणे मोजून गोणपाटात ठेवले आणि आठवड्याने अंकुर मोजले, त्या हातांना लेकराचे एका मिनिटाचे श्वास मोजणे अवघड नाही. मोजल्यावाचून पेरू नये हे ज्या घराला कळते त्या घराला, मोजल्यावाचून थांबू नये, हेही कळेल. येत्या अक्षय्य तृतीयेला आमरसाचे ताट वाढले जाईल त्या दिवशी घरातल्या कर्त्या माणसाने ह्या चार गोष्टींची खातरजमा करावी: लशीची तारीख ठरली आहे काय, साबण हात पोहोचेल अशा जागी आहे काय, बाटलीवरचा आकडा वाचता येणारे कोणी घरात आहे काय, आणि श्वास मोजावयाचे आकडे भिंतीवर लिहिले आहेत काय. ह्या चारही प्रश्नांना होकार मिळाला, तर पहिला पाऊस अंगणात उतरताना लेकराला खुशाल भिजू द्यावे. फ्लू पावसात भिजल्याने होत नसतो.